तीन वाजताचं रीडिंग

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आला की आम्ही त्याला तीन गोष्टी सांगतो. पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मेहेरकाकांना "कसे आहात?" असं चुकूनही विचारायचं नाही. विचारलंत तर मेलात. काका "बरा हाय" म्हणून मोकळे होत नाहीत. डाव्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरतात, खिशातून घडी घातलेला कागद आणि पेन काढतात, पेन तुमच्याच हातात कोंबतात आणि म्हणतात, "लिव. पल्स चौऱ्याहत्तर. ऑक्सिजन सत्त्याण्णव. पावलं दोन हजार सहाशे दहा. खाली सही कर."

सही! एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात कोथिंबीर, अशा अवस्थेत मी सही केलेली आहे. कुरिअरवाल्याने केलेली आहे. मतं मागायला आलेला एक उमेदवार जिन्यात हात जोडून उभा होता, त्याचे जोडलेले हात सोडवून काकांनी त्यालाही लिहायला लावलं होतं.

काका मूळचे समुद्रकाठच्या दांडी गावचे. बाप आणि भाऊ होडीवर, हे एकटे बोईसरच्या केमिकल कारखान्यात. चौतीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. दर तासाला लोखंडी जिना चढायचा, तापमान बघायचं, दाब बघायचा, खाली येऊन शीटवर लिहायचं. रिटायर झाल्यावर रिअ‍ॅक्टर सुटला. मग बडोद्याच्या मुलीने हे घड्याळ पाठवलं आणि काका स्वतःच रिअ‍ॅक्टर झाले.

"अहो काका, ते घड्याळ सगळं आपोआप फोनमध्ये साठवतं. हा कागद कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"साठवतंय गं. बगतंय कोण?"

"मग तुमचं तुम्ही लिहा की. हात मोडलाय का?"

"रीडिंग खोटं बोलत नाय," काका म्हणाले, "लिवणारा बोलतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी कानावर पडायचं. आम्ही बायका आपसात म्हणायचो, जन्मभर साहेबांचं ऐकून घेतलं ना, आता म्हाताऱ्याला हाताखाली माणूस लागतोय.

दांडीला त्यांचे चुलतभाऊ वारले तेव्हा आम्ही नवराबायको गेलो होतो. बायका हंबरडा फोडतायत, कुणी हार घालतंय, आणि काकांचं घड्याळ टिंग करून वाजलं. तासभर जागचे हलले नव्हते, म्हणून घड्याळ सांगत होतं, उठा, जरा चाला. काका आज्ञाधारकपणे उठले आणि प्रेताभोवती फेऱ्या मारायला लागले. काहीतरी विधी असेल असं समजून मागून दोन म्हातारे उठले, मग तिसरा. मी पदर तोंडात कोंबून बाहेर आले. देवा, त्या दिवशी मेले असते मी हसून.

मी घरी डबे करते. कारखान्यातल्या पोरांचे, रोजचे चाळीस. एकदा हौसेने काकांनी ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. मी भाकऱ्या थापायला बसले, तर घड्याळाला वाटलं बाई पोहतेय. काकांनी माझ्याच हाताने लिहून घेतलं, 'पोहणे, पंचवीस मिनिटे.' वर सही.

हे सगळं हसण्यावारी चाललं ते आबांचं दुखणं वाढेपर्यंत. आबा म्हणजे माझे सासरे. छाती आधीपासूनच खराब, त्यात गेल्या थंडीत फारच धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनवर लक्ष ठेवा, नव्वदच्या खाली गेला तर विचार करत बसू नका, घेऊन या. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आमच्या फ्रिजवर कागद चिकटवला. तास, पल्स, ऑक्सिजन, सही. आबांच्या हडकुळ्या मनगटावर घड्याळ नीट बसेना, म्हणून बोटाला लावायचा चिमटा दिला. आणि रोज दुपारी तीनला, कारखान्यात शिफ्ट बदलते त्या वेळेला, काका 'चार्ज घ्यायला' दारात हजर. कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे, मग चहा.

त्या शनिवारी चाळीसच्या जागी साठ डबे होते. बाराचं रीडिंग मी घेतलं, पंच्याण्णव. मग बोंबील तळता तळता एक कधी वाजला, दोन कधी वाजले, कळलंच नाही. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत तर झोपू दे, म्हटलं. तीन वाजत आले तसं आठवलं, आता काका येणार आणि माझी खरडपट्टी काढणार. ओला हात पदराला पुसला आणि एक, दोन, तीन या तिन्ही खान्यांत पंच्याण्णव, पंच्याण्णव, पंच्याण्णव लिहिलं. तीन सह्या ठोकल्या.

काका आले. कागदासमोर उभे राहिले. मी चहाचं आधण ठेवलं.

"तीनला अजून चार मिनटं हायत," ते म्हणाले. "तीनचं आदीच लिवलंस?"

"अहो काका, झोपलेत ते, आत्ता तर..."

ते ऐकायला थांबलेच नाहीत. आत गेले, आबांना आपल्याकडे वळवलं, बोटाला चिमटा लावला. त्र्याऐंशी. आबांची नखं निळी पडली होती आणि हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हते.

"रिक्षा बोलाव! उबी काय राहिलीस?"

रिक्षात आबांचं डोकं काकांच्या खांद्यावर होतं, आणि निघताना फ्रिजवरून ओढून घेतलेला कागद त्यांच्या खिशात. काका सारखे त्यांच्या कानाशी बोलत होते, "श्वास घ्या आबा, घ्या, आलोच आपण." इस्पितळात लगेच आत नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण एवढ्यात काही सांगता येणार नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसले आणि रडायला लागले. "मी मारलं असतं हो त्यांना काका. बोलणी बसतील म्हणून आकडे टाकले मी."

वाटलं, आता आपलं ठरलेलं वाक्य ऐकवतील. पाकिटातून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढून काकांनी माझ्या मांडीवर ठेवला. तेच खाने. वर काकूंचं नाव, सुमन मेहेर. साथीच्या वर्षी कुठेच खाट मिळाली नाही आणि काकू घरातच गेल्या, एवढं मला ठाऊक होतं. दोन दिवसांचे सगळे तास काकांच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले. शेवटचे तीन खाने, दुपारचे एक, दोन आणि तीन. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव.

"दोन दिस झोपलो नव्हतो. खुर्चीत डोळा लागला," काका समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं बोलत होते. "उठलो तं तीन वाजलेले. तीन खाने मोकळे. चौतीस वर्साची सवय गं, शीट मोकळी ठेवायची नाय. आदी तीन खाने भरले. सही केली. मंग तिच्याकडं बगलं."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस जिन्यात पेन घेऊन उभा होता आणि आम्ही त्याला हसत होतो. त्याला हाताखाली कुणी नकोच होतं. स्वतःच्या हातावरच त्याचा विश्वास उरला नव्हता.

काका उठले, दाराच्या काचेतून आत बघून आले, फ्रिजवरचा कागद आणि पेन माझ्या हातात दिलं. "एक्क्याण्णव. तू पन जाऊन बग. मंग लिव."

मी जाऊन बघितलं. मशीनवर एक्क्याण्णवच होते. आबांची छाती वरखाली होत होती. बाकावर येऊन मी चारच्या खान्यात आकडा लिहिला, सही केली. मग पेन तसंच हातात ठेवलं आणि म्हटलं, "आता तुमचं सांगा, काका."

काकांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं. मी दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला.

"पल्स एकशे अठरा," ते म्हणाले.

मी लिहिलं आणि खाली सही केली.