फुक मारनारे मास्तर

त्या दिवशी इहिरीवर आम्ही पाच जनं होतो. मी काशी, माहा दीर किसन, जाऊ गिरजा, टिनाचं काम करनारे रहीमभाई, अन् मेहकरच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर. मास्तर पालथे पडून टिनाच्या डब्ब्यात फुकून राह्यले होते.

मास्तर सगळ्यावरच फुकत. चुलीच्या धुरावर, बिडीच्या धुरावर, नळाच्या धारेवर. माह्या मालकाच्या तेरवीले कढी वाढाले घेतली, तं धार भांड्याच्या बुडाले चिपकून कशी येते थेच पाहात बसले. गिरजा म्हने, "मास्तर, कढी वाढा, तिची पूजा नोका करू!"

"ताई, धारेले भिताडाची माया असते. ढकलू नोका, फुका!"

माहा डावा हात आंधीच मलकापूरच्या कापसाच्या जिनात गेला होता. मळ्यात पानी वळवाचं तं दोन हातानं फावडं मारा लागते. किसन वाईट नाही, पन म्हने, "वयनी, एका हातानं होत नाही. मळा मले दे. दोन घास देत जाईन तुले."



मास्तरनं आयकलं अन् रहीमभाईले कामाले लावलं. डब्ब्याले एक तोंड इंजिनाच्या पान्यासाठी, दोन तोंडं मळ्यात पानी नेनाऱ्या दोन दांडाकडं. बाजूले सायकलच्या व्हालच्या दोन बारक्या नळ्या. आत ना झाकन, ना पट्टी. "इकून फुकलं का धार तिकडच्या भिताडाले चिपकते. मंग तिथंच राहते."

रहीमभाई म्हने, "मास्तरसाब, फूकसे चाय ठंडी होती, इंजिन का पानी नहीं मुडता."

त्या दिवशी इहिरीवर मास्तरनं फुकलं, तं पयल्यांदा पानी भलतीकडंच उडालं, किसन धोतरासकट भिजला. मास्तरनं कानस घेऊन आतली कडा घासली. "काशीबाई, आता तुम्ही."

मी फुकली. मनगटाएवढी धार गपकन उजव्या दांडात गेली. दुसऱ्या नळीत फुकली, डाव्यात.

किसननं धोतर पिळलं. "वयनी, मळा तुहाच."

पयले वांगे निघाले तं टोपलं घेऊन मास्तरच्या घरी गेली. ते एकटेच, आत भाकरी थापून राह्यले होते. भाईर एक रिकामी खाट, गादी घातलेली. उशीपाशी तशीच नळी, ती गेली एका बारक्या डब्ब्यात. वरच्या मडक्यातली करंगळीएवढी धार त्या डब्ब्यातून मोरीत पडे. बाजूले टिनाचं ताट. मी वाकून नळीत फुकली. धार ताटावर पडली, ठणठण ठणठण.

"आलो, सुमन!"

मास्तर पिठाच्या हातानं धावत आले. मले पाहून थबकले.

"माह्या घरवालीचं सारं आंग लुळं पडलं होतं," खाली पाहून म्हने. "हाक माराले येत नव्हतं. फुक तेवढी राह्यली होती. हा डब्बा जमला थो ती गेल्यावर."

मंग मडकं रोज काऊन भरता, हे मी इचारलं नाही. टोपलं खाली ठेवलं. "भाजी मी टाकते, मास्तर. तुम्ही एक भाकर जास्तीची थापा."

आता मास्तर नाहीत. डब्बा अजून चालते. पन कुंभारीन माशी नळ्याच्या तोंडाले माती लावते, अन् मले आता दिसत नाही. मेहकरच्या वाटेवर, नाल्याच्या पुलाजोळ आमची इहीर आहे. हे वाचनाऱ्यानं तिकून गेलं तं काडीनं तेवढी माती काढजा. अन् एकदा फुकजा.