शैलाची नको असलेली गाडी

१८ फेब्रुवारी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लीज संपलेल्या गाड्यांचा निकाल लावायचा होता. आमच्या चाकणच्या कंपनीत वरच्या लोकांना लीजवर गाडी मिळते. मुदत संपली की गाडी परत करायची, नाहीतर करारात लिहिलेली रक्कम भरून आपल्या नावावर करून घ्यायची. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे. बाकी सगळ्यांनी केव्हाच कळवलं होतं. राहिली होती फक्त शैला कदम, आमची परचेस हेड. आणि ती सकाळपासून पार्किंगमध्ये उभी राहून स्वतःच्या गाडीला नावं ठेवत होती.

तुम्ही शैलाला ओळखत नाही, म्हणून सांगते. शैला ज्या वस्तूला नावं ठेवते, ती तिला हवी असते. नको असलेल्या वस्तूकडे ती ढुंकूनही बघत नाही.

पिंपरीच्या मंडईत मी तिच्याबरोबर एकदाच गेले. तिनं एक वांगं उचललं, उलटं केलं आणि आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा चेहरा करून परत ठेवलं. भाजीवाली घाबरून म्हणाली, "काय झालं, ताई?" शैला म्हणाली, "काही नाही. राहू दे." बस, एवढंच. भाव भाजीवालीनंच उतरवला, वर कोथिंबीर दिली, आणि आम्ही निघालो तेव्हा ती स्वतः एकेक वांगं उचलून संशयानं बघत होती.

पिंपळे गुरवचा फ्लॅट तिनं असाच घेतला. बिल्डरला एकच प्रश्न विचारला, "ही खिडकी अशीच राहणार का?" खिडकी चांगली होती. पण त्या माणसाची झोप उडाली असावी, कारण शेवटी त्यानं झाकलेलं पार्किंग देऊन टाकलं. खिडकी आहे तशीच आहे. शैला रोज तिथंच बसून चहा पिते.

भोसरीचे सप्लायर तिच्या केबिनबाहेर तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसतात. त्यांच्यातले जुने मोहिते एकदा मला म्हणाले, "मॅडमनी आज आमच्या मालाची पार लाज काढली."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, पेढे सांगितलेत. ऑर्डर आपलीच."

माणसांनाही ती हाच नियम लावते. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात उभी राहून, जावयाकडे बघत मला म्हणाली, "उंचीत जरा कमीच पडला, नाही?" मला बरं वाटलं. मुलगा तिला पसंत होता.

तर ही गाडी. प्लग लावून चार्ज करायची हायब्रीड. बॅटरी आहे तोवर आवाज न करता चालते, बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन सुरू होतं. आमच्या कंपनीत अशी एकच आहे. गेला महिनाभर शैला या गाडीबद्दल जे बोलत होती, ते ऐकून वॉचमनही तिच्याकडे दयेनं बघायला लागला होता. डिकीत बॅटरीनं जागा खाल्लीय. स्पेअर पार्टसाठी थांबावं लागतं. ना धड इलेक्ट्रिक, ना धड पेट्रोल.

मी तिला म्हटलं, "शैला, किंमत करारात छापलेली आहे. तू गाडीचं श्राद्ध घातलंस तरी ती कमी होणार नाही."

"ते मला शिकवू नकोस. छापलेली किंमत ही सुरुवात असते."

"ही शेवट आहे."

"तू अ‍ॅडमिनमध्ये आहेस, सुनंदा. तुला नाही कळायचं."

मी वर निघून आले. मलाही कामं होती.

दुपारी लीजवाल्यांकडून निंबाळकर नावाचे गृहस्थ गाडी तपासायला आले. शांत, सज्जन माणूस. डबा खाऊन आले होते आणि कुणाशी वाद घालायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. शैलानं त्यांना गाडीभोवती फिरवलं. पुण्याच्या माणसानं पाहुण्याला पर्वती दाखवावी तशी ती एकेक ओरखडा दाखवत होती. "हा बघा. हा तर तुम्हाला दिसलाही नसता. आणि बॅटरी? दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. पुलापर्यंत जाते आणि बसते. ही गाडी पैसे देऊन घ्यायची म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचं काम."

एवढं बोलून ती हाताची घडी घालून उभी राहिली. आता समोरच्यानं बोलायचं असतं. 'असं कसं मॅडम, तुम्हीच सांगा किती,' असं काहीतरी.

निंबाळकर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग परतच करा." त्यांनी नोंद केली आणि माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी अकराला माणूस येईल न्यायला. दुसरी किल्ली तेवढी काढून ठेवा." आणि गेले.

शैला तशीच उभी होती. इतक्या वर्षांत तिला कुणी 'बरोबर आहे तुमचं' म्हटलं नव्हतं. विकणाऱ्यानं असं म्हणायचंच नसतं. थोड्या वेळानं मला म्हणाली, "येईल परत. गेटपर्यंत जातात आणि परत येतात."

निंबाळकर गेटबाहेर पडले, रिक्षात बसले आणि दिसेनासे झाले.

"फोन कर त्यांना," मी म्हटलं. "सांग, घ्यायची आहे."

"आपण नको म्हणायचं आणि आपणच मागं पळायचं?" तिच्या आवाजात खरोखरचा धक्का होता. "उद्या मोहित्यांना काय तोंड दाखवू? आणि मला कुठं हवीय ती? सुटले एकदाची."

दुसरी किल्ली तिच्या घरी होती. मला दापोडीच्या बाजूला जायचंच होतं, म्हणून म्हटलं, तुझ्या गाडीतूनच येते, किल्ली घेते आणि पुढं रिक्षा करते. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. भोसरी गेली, नाशिक फाटा गेला. एका टेम्पोवाल्यानं आडवी घातली, तरी काही नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. तिनं घरी येऊन गाडी चार्जिंगला लावली, मला किल्ली दिली आणि चहा टाकला.

चहा होऊन बराच वेळ झाला, तेव्हा आतल्या खोलीतून तिचे वडील बाहेर आले. टोपी, स्वेटर, पायात चपला. अण्णांचं सगळं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये गेलं. दिवसभर लोखंडावर पडणारे ठोके ऐकून कान गेले. कानाला यंत्र लावतात, पण ते यंत्र पंखा, मिक्सर, वरच्या मजल्यावरची टीव्हीची मालिका, सगळं सारखंच मोठं करून ऐकवतं. म्हणून घरात ते काढूनच ठेवतात. मी नमस्कार केला, त्यांनी हसून हात वर केला. मी मोठ्यानं काहीतरी विचारलं, ते पुन्हा हसले. आमचं संभाषण नेहमी एवढंच होतं.

"यांना चक्कर मारून आणते," शैला मला म्हणाली. "चल तूही. दापोडीला सोडते, तिथून रिक्षा मिळेल."

मी मागं बसले. अण्णा पुढं. शैलानं काचा वर केल्या, एसी बंद केला. गाडी आवाज न करता गेटबाहेर पडली. अण्णांनी खिशातून यंत्र काढून कानाला लावलं.

"आज कुनाला रडवलंस?" ते म्हणाले.

मी चमकले. शैला अगदी साध्या आवाजात, आपण बोलतो तशी, म्हणाली, "मोहिते आला होता. बोल्टचा भाव वाढवून मागत होता."

"मग?"

"नाही दिला."

"द्यायचा व्हता थोडा. त्यालाबी पोरं हायत."

"त्याची पोरं कॅनडात आहेत, अण्णा."

"व्हय? मग नको देऊ," म्हणून अण्णा खो खो हसले. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या लेकीचं कसं चाललंय, सुनंदाबाई? जावई बुटका हाय म्हने." सगळं त्यांना माहीत होतं. माझी बदली, साहेबांचा राग, कँटीनची पातळ आमटी. हे सगळं कधी सांगितलं गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

शैला रमतगमत, गल्ल्यागल्ल्यांतून गाडी नेत होती. दापोडीच्या अलीकडे पुलाचा चढ लागला आणि खालून इंजिनाची घरघर सुरू झाली. मला ती जेमतेम ऐकू आली.

"आलं मशीन," अण्णा म्हणाले. त्यांनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि काचेतून बाहेर बघायला लागले. शैलाचं एक वाक्य अर्धंच राहिलं.

पूल उतरल्यावर ती म्हणाली, "पूर्वी औंधपर्यंत जायचो. आता बॅटरी इथंच संपते." म्हणजे दुपारी निंबाळकरांना सांगितलेलं सगळं खरंच होतं.

"मग नवीन इलेक्ट्रिक घे ना. लांबपर्यंत बोलत जाल."

"गावाकडं वाटेत चार्जिंग कुठंय? यांना महिन्यातून एकदा शेत बघायचं असतं." मग अण्णांकडे बघत म्हणाली, "शिवाय नवीन यायला महिने जाणार. यांचं वय आता ब्याऐंशी."

"मग हीच ठेव."

"ही? काय आहे हिच्यात?"

मी दापोडीला उतरले. अण्णांनी हसून हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऑफिसला गेले आणि निंबाळकरांना फोनवर घरीच गाठलं. म्हटलं, माणूस पाठवू नका, कदम मॅडम गाडी घेतायत.

"अहो, पण त्याच म्हणाल्या, इतकी वाईट..."

"वाईटच आहे."

"मला निर्णय बदलल्याचं कारण लिहावं लागेल."

"घरगुती, असं लिहा."

नंतर खरेदीचा फॉर्म भरला, रक्कम करारातली होती तीच घातली आणि शैलाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं तो वाचला, पालटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाली, "कागद किती हलका वापरतात हे लोक." मग पेन मागितलं. मी दिलं, सही होईपर्यंत थांबले आणि दुसरी किल्ली तिच्यासमोर ठेवून खाली कँटीनचं बिल तपासायला गेले.