तडीपारीचे तज्ज्ञ

पुण्याच्या मुख्य कार्यालयाचं पत्र सुमंतराव शेंड्यांनी आधी उभ्यानं वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. बसून वाचल्यानं मजकूर बदलला नाही.

‘ज्या प्रसारमाध्यम-तज्ज्ञांचे मत अद्याप एकाही वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेले नाही, त्यांची नावे ३१ मार्च १९९६ नंतर यादीतून वगळण्यात येतील. मत प्रसिद्ध झाले असल्यास कात्रण पाठवावे.’

मानवी हक्क जागर मंचाच्या सातारा-सांगली विभागात तीन तज्ज्ञ होते. वार्ताहरानं काही विचारलं, की ज्याचा विषय त्यानंच बोलायचं, असा नियम होता. निवृत्त मुख्याध्यापिका गोदावरीबाईंकडे महिला आणि मुलं होती. वकील प्रबुद्ध खरात यांच्याकडे जमीन आणि जातीय अत्याचार होते. या दोघांचं नाव आठवड्याला एकदा तरी छापून यायचं. यादी मात्र सुमंतरावांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइप झाली होती, आणि बाकीच्यांचं टाइप करून होईपर्यंत एकच विषय शिल्लक राहिला होता : तडीपारी.

सुमंतरावांनी तो विषय मनापासून घेतला. सगळी कलमं पाठ केली. तीन वर्षं ते फोनशेजारी बसले. तडीपार माणसं तीन वर्षांत बरीच झाली, पण त्याबद्दल कुणाला तज्ज्ञाचं मत विचारावंसं वाटलं नाही. सराव मोडू नये म्हणून ते रोज संध्याकाळी बायकोला वार्ताहर करत.

“भार्गवी, विचार.”

“काय विचारू?”

“वार्ताहर विचारेल ते.”

“गॅसला नंबर लावला का?”

“वार्ताहर हे विचारत नाही.”

“तीन वर्षांत दुसरा कुठला वार्ताहर आलाय का? मग जो आहे तो त्याला हवं ते विचारणार.”

आणि पंचवीस मार्चला खराखुरा वार्ताहर जिना चढून आला. नाथाजी त्याचं नाव. सांगलीहून निघणाऱ्या एका दैनिकासाठी तो साताऱ्याच्या बातम्या पाठवायचा.

“फलटणचा जालिंदर तडीपार झालाय,” नाथाजी म्हणाला. “दोन वर्सं. सातारा आन सांगली, दोनी जिल्ह्यांतनं. तुमचं मत पायजे.”

सुमंतरावांनी कपाटातून मत काढलं. ते तीन वर्षांपूर्वीच टाइप करून ठेवलेलं होतं.

“किती हाय ह्ये?”

“अकरा पानं.”

“मला चार वळी पुरत्यात. ऱ्हाऊ द्या, फोटू द्या एक. जालिंदरचा हाय माज्याजवळ. दोगांचे शेजारी टाकू.”

नाथाजी फोटोंच्या मागे पेनानं नावं लिहायला लागला, तेव्हा सुमंतरावांनी त्याचा हात धरला. नाथाजीचं अक्षर त्यांनी पाहिलं होतं. अशा अक्षरानं घोटाळे होतात, टाइप केलेल्या मजकुरानं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी दोन चिठ्ठ्या टाइप केल्या. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले : डावीकडे स्वतःचा, उजवीकडे जालिंदरचा. चिठ्ठ्याही त्याच क्रमानं मांडल्या. मग फोटो एकत्र धरून एकदम पालथे केले आणि डिंक लावून डावी चिठ्ठी डाव्या फोटोला, उजवी उजव्याला चिकटवली. जोडीनं पालथं केलं की डावा फोटो उजवीकडे जातो, हे तडीपारीच्या कुठल्याही कलमात नाही.

पाकीट सांगलीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं गेलं आणि वेळेवर पोचलं. त्या सबंध प्रकरणात वेळेवर झालेली ती एकमेव गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सुमंतरावांचे वडील अण्णा चष्मा लावून पेपर वाचत होते.

“फोटो चांगला आलाय,” अण्णा म्हणाले. “नाव कुणाचं आहे?”

सुमंतरावांच्या फोटोखाली छापलं होतं, ‘सराईत गुंड जालिंदर. दोन्ही जिल्ह्यांत आढळल्यास पोलिसांना कळवावे.’ जालिंदरच्या फोटोखाली होतं, ‘तडीपारीचे तज्ज्ञ सुमंत शेंडे.’ त्याखाली कंसात, ‘यांचे सविस्तर मत जागेअभावी देता आले नाही.’ जागा फोटोंनी खाल्ली होती.

“म्हणजे मत नाहीच,” सुमंतराव म्हणाले. “हे कात्रण पुण्याला चालायचं नाही.”

“तू गुंड झालायस त्याचं काय?” भार्गवीनं विचारलं.

“त्याला एकतीस तारखेची मुदत नाहीये.”

इन्स्टिट्यूटमध्ये त्या दिवशी बारापैकी तीन मुलं आली आणि तिन्ही एकही चूक न करता टाइप करून गेली. शेजारच्या बनुबाई दुपारी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घेऊन आल्या. “जाताना असू द्या जवळ,” त्या म्हणाल्या. “कवा निगायचंय?” त्या सुमंतरावांना वीस वर्षं ओळखत होत्या, पण पेपर म्हणजे पेपर.

सुमंतरावांनी सांगलीला फोन लावला. तिकडच्या उपसंपादकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चूक झाली असेल तर खुलासा छापू,” ते म्हणाले. “शेजारी तुमच्या मताच्या चार ओळीही टाकू. पण तुम्ही समक्ष या. हल्ली कुणीही फोन करतं. शेंड्यांचा फोटो आमच्याकडे आहे. चेहरा जुळवून बघू.”

“चेहरा जुळणार नाही. तीच तर चूक आहे.”

“मग खुलासा कसा छापायचा?”

चार ओळी म्हटल्यावर सुमंतरावांना राहवेना. सत्तावीस तारखेला सकाळी त्यांनी बनुबाईंची भाकरी घेतली आणि सांगलीची एसटी धरली. शेजारच्या सीटवर मानसिंग नावाचे मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार होते. कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी आदल्या दिवशीचा पेपर वाचला. कऱ्हाड गेल्यावर त्यांनी पेपरकडे पाहिलं, सुमंतरावांकडे पाहिलं, परत पेपरकडे पाहिलं.

“पाव्हनं, कुटवर?”

“सांगली.”

“सांगली बी बंद हाय की तुमास्नी.”

“मी तो नाही,” सुमंतराव म्हणाले. “मी तडीपारीचा तज्ज्ञ आहे.”

“तज्ज्ञ ह्यो हाय.” सुभेदारांनी जालिंदरच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटोत जालिंदरची मिशी विचारी दिसत होती.

इथं साधा माणूस गप्प बसला असता. सुमंतराव तज्ज्ञ होते. ते उभे राहिले आणि एका हातानं दांडी धरून त्यांनी सगळ्या एसटीला विषय समजावून दिला. टोळीला कुठलं कलम, एकट्या माणसाला कुठलं, आधी शिक्षा झालेल्याला कुठलं. नोटीस कशी देतात, म्हणणं कसं ऐकून घेतात, किती दिवसांत अपील करायचं. तीन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच इतके श्रोते मिळाले होते. कुठंही न अडखळता ते पंधरा मिनिटं बोलले.

पुढच्या सीटवरच्यांनी आपापल्या पिशव्या मांडीवर घेतल्या.

“बया, समदं पाठ हाय की त्येला,” मागच्या सीटवरच्या हरणाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर कोंबडी होती, ती त्यांनी पदराखाली घेतली.

“तेच म्हंतो,” सुभेदार म्हणाले. “नाकासमोर चालनाऱ्या मानसाला एवडं कशापायी ठावं असंल?”

कंडक्टर म्हणाला, “चौकीत देऊया.”

“आन जबाब कोन देनार? समद्यांचा दिस जाईल. त्यापरास कायद्यानं जिल्ह्याभाईर जायचंय न्हवं ह्येला, मग भाईर घालवूया.”

यावर मतभेद झाला नाही. सांगलीचा फाटा फुटतो त्या पेठ नाक्यावर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. सुभेदारांनी सुमंतरावांना त्या गाडीच्या कंडक्टरच्या स्वाधीन केलं आणि सूचना दिली, “नीरेच्या पुलापल्याड उतरवा. अल्याड न्हाई.” कंडक्टरनं विसरायला नको म्हणून तिकिटाच्या मागे ‘पुलापलीकडे’ असं लिहिलं. सगळं अत्यंत अदबीनं चाललं होतं. सुमंतरावांना खिडकीची जागा मिळाली.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. तिथून सुमंतरावांचं घर चालत सात मिनिटांवर होतं. त्यांनी पाणी प्यायला खाली उतरायचं म्हटलं, तर शेजारच्या तिघा प्रवाशांनी आपल्या बाटल्या पुढे केल्या. लघवीचं म्हटलं, तर तेच तिघं सोबतीला आले आणि सोबतच परत घेऊन आले.

शिरवळ मागं पडलं, पूल ओलांडला, पुणे जिल्हा लागला आणि सुमंतराव उतरले. समोर चहाची टपरी होती. टपरीच्या बाकड्यावर पांढऱ्या कपड्यातला एक आडवातिडवा माणूस बसला होता. त्याची विचारी मिशी सुमंतरावांनी लगेच ओळखली. त्याच्यासमोर कॅमेरा गळ्यात अडकवलेली एक मुलगी भराभरा लिहून घेत होती. ती अपूर्वा, पुण्याच्या एका दैनिकाची वार्ताहर. हायवेवरच्या अपघातांची माहिती घ्यायला ती आली होती. चहा घेताना टपरीवरच्या सांगलीच्या पेपरात तिनं तज्ज्ञांचा फोटो पाहिला आणि मान वर केली, तर तज्ज्ञ समोरच बसलेले.

“शेंडेसाहेब, तुमचा या विषयाचा अभ्यास किती वर्षांचा?” ती विचारत होती.

“आदी सा म्हैन्यांचा केला,” जालिंदर म्हणाला. “आता दोन वर्सांचा चालू हाय.”

“प्रत्यक्ष पाहणी करता?”

“हितंच बसून आस्तो की दिसभर.”

“तडीपारीनं गुन्हे कमी होतात?”

“भांडान तितंच ऱ्हातंय, ताई. मानूस तेवडा हिकडं येतोय. आता म्हशी तिकडं फलटनात, दुसऱ्याला धार काडू देत न्हाईत. बायकू फोनची वायर गोठ्यापातूर वढून फोन म्हशीच्या कानाला लावती, आन म्या हितनं हाक मारतो. मग सोडती पान्हा.”

“म्हणजे कुटुंबाच्या उपजीविकेवर परिणाम,” अपूर्वानं लिहून घेतलं.

सुमंतराव पुढे झाले. “माफ करा. सुमंत शेंडे मी आहे.”

अपूर्वानं पेपर उघडून त्यांचा चेहरा ताडून पाहिला. “तुम्ही जालिंदर,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “घाबरू नका. शेंडेसाहेब तुमचीच बाजू मांडताहेत. तुम्हाला काही म्हणायचंय का?”

तीन वर्षं सुमंतराव या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आज सत्तावीस तारीख आहे. खरं सांगितलं तर ही मुलगी वही मिटून अपघातांकडे जाईल. गप्प बसलो तर उद्या-परवा पुण्याच्या पेपरात सुमंत शेंडे यांचं मत छापून येईल. सविस्तर.

“नाही,” ते म्हणाले. “काही नाही.”

अपूर्वा गेल्यावर जालिंदरनं त्यांना शेजारी बसवलं, चहा सांगितला आणि त्यांच्या भाकरीतली अर्धी घेतली.

“म्या तिला म्हनलो व्हतो जालिंदर म्हनून,” तो म्हणाला. “तर म्हनती, दुसऱ्याच्या जागी उबं ऱ्हाऊन बोलायला काळीज लागतंय. मग म्या काय बोलू?”

“ठीक बोललात तुम्ही.”

“आन तुमी कसं काय हिकडं?”

सुमंतरावांनी पेठ नाक्यापासून सगळं सांगितलं. जालिंदरनं मन लावून ऐकलं. “नोटीस न्हाई दिली?” त्यानं विचारलं. “म्हननं न्हाई ऐकलं? ह्ये बेकायदा हाय, सायेब. मला निदान हुकूम तरी दावला.” मग त्यानं साताऱ्याला परतणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मागे त्यांना बसायची जागा करून दिली. “म्या जात न्हाई आसा,” तो म्हणाला. “पर जागा ठावी हाय.”

एकोणतीस तारखेला पुण्याच्या पेपरात ‘सुमंत शेंडे’ यांची तीन कॉलमी मुलाखत आली. फोटोसकट. सुमंतरावांनी कात्रण त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. फोटो कापून टाकावा का, असं भार्गवीनं विचारलं होतं, पण मागच्या बाजूला वृत्तपत्राचं नाव आणि तारीख होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. सुमंतरावांचं नाव यादीत कायम झालं होतं. अण्णांनी पेढे आणले. पत्राला दुसरंही पान होतं. ‘आपल्या मांडणीतील जिवंतपणा राज्यातील सर्व तज्ज्ञांनी अनुभवावा, यासाठी वीस तारखेस पुण्यात आपले व्याख्यान ठेवले आहे. निमंत्रणपत्रिकेवर आपले छायाचित्र छापले आहे.’

सुमंतराव पेढा तसाच हातात धरून पुलापलीकडे गेले. आता गेलो तर चेहरा जुळणार नाही, न गेलो तर नाव जाईल, असं त्यांनी जालिंदरला सांगितलं.

“त्यात काय,” जालिंदर म्हणाला. “पुनं मला चालतंय. सातारा-सांगलीच तेवडं बंद हाय. तुमी बी चला, चुकलं तर हळूच सांगा.”

वीस तारखेला पुण्यातल्या सभागृहात जालिंदर पाऊण तास बोलला आणि कुठंच चुकला नाही. सुमंतराव पहिल्या रांगेत बसून ओठांत कलमं पुटपुटत होते, त्यांची गरज पडली नाही. शेवटी जालिंदर म्हणाला, “माजं सोडा, माज्याकडं हुकूम तरी हाय. ह्यो मानूस बगा.” त्यानं सुमंतरावांना उभं केलं. “ह्येनं कुनाच्या अद्यात ना मद्यात. ह्येला येस्टीतल्या लोकांनी तडीपार केलाय. नोटीस न्हाई, सुनावनी न्हाई. कंडक्टरनं तिकिटावर लिवलं, आन मानूस जिल्ह्याभाईर. घराजवळनं गाडी गेली, तर उतरू दिला न्हाई. अपील कुटं करायचं ह्येनं? येस्टीत?”

नागपूरच्या तज्ज्ञ डोळे पुसत होत्या. निषेधाचा ठराव एकमतानं झाला. बाहेर चार पेपरांचे वार्ताहर आणि दूरदर्शनची गाडी उभी होती, त्या सगळ्यांना आत बोलावण्यात आलं. मुख्य कार्यालयाच्या अक्षताताईंनी टेबलावर माईक सरळ केला.

सुमंतरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि ते माईककडे निघाले.

अक्षताताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही बसा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “खूप सोसलंय तुम्ही. तुमच्या वतीनं शेंडेसाहेब बोलतील.”

सुमंत शेंडे बसले, आणि शेंडेसाहेब बोलायला उठले.