एक्सरेवाल्या दादांची हनुवटी

तोंडावर मास्क, त्यावरून डोकं झाकणारं पारदर्शक टोपडं, अशा थाटात एक्सरेवाले दादा खुर्चीत बसले होते. बरणीत ठेवलेला मासाही त्यांच्याहून बरा दिसला असता.

क्षयाच्या वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाचा मास्क नीट बसतो का, हे सिस्टर तपासत होत्या. टोपड्यात कडू औषध फवारायचं. जिभेला चव लागली तर मास्क गळका. आणि जिथून कडू शिरतं, तिथून जंतूही शिरणार. दादांचा मास्क बसणं शक्यच नव्हतं. मध्ये दाढी होती. पण ती काढली, तर खाली उरणार एवढीशी हनुवटी! दाढीच्या जोरावर तर रोगी त्यांच्या एका हुकमासरशी श्वास रोखत. घरात तेवढं चालत नसे, पण निदान ऐकून घेतलं जाई.

"कडू लागलं का, दादा?"

"छे!"

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"आईची आठवण आली."

सिस्टरांनी आणखी दोनदा फवारलं. दादांनी आवंढा गिळला.

"आता?"

"उलट गोडसरच वाटतंय."

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दारात रांगेत उभा होता. त्याने हे ऐकलं. त्यालाही दाढी होती, आणि ती काढायला तो रांग सोडून न्हाव्याकडे निघालाच होता. तो परत वळला. "दादांची दाढी चालते, मग माझीच का नाही? मला नाही बसायचं त्या टोपड्यात. मी निघालो, वॉर्डातून पेशंट आणायचाय."

"अरे, घरी तान्ही लेक आहे ना तुझी?" सिस्टर म्हणाल्या.

"म्हणून तर दादांना विचारतोय. दादा, खरंच काही लागत नाही ना? तुम्ही म्हणाल ते खरं."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं स्वतःपुरतं गिळता येत होतं. ते त्या पोरीच्या पाळण्यापर्यंत जाणार, म्हटल्यावर मात्र घशात अडकलं.

"कडू आहे रे!" टोपड्यातून आरोळी आली. "पहिल्यापासून कडूजहर आहे! चल, दोघंही न्हाव्याकडे जाऊ."

संध्याकाळी दादा रुमालाने तोंड झाकूनच घरात शिरले. बायको पेपर वाचत होती.

"दात दुखतोय का?"

दादांनी डोळे मिटून रुमाल काढला आणि हसण्याची वाट पाहिली. हसू आलंच नाही. खुर्ची तेवढी सरकल्याचा आवाज आला. बायको ताडकन उठून उभी राहिली होती.

"अगं बाई! हुबेहूब सासूबाई!"

"फार वाईट दिसतं का गं?"

"नाही, नाही. बसा ना तुम्ही. चहा टाकू? की आधी पाणी देऊ?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही दादांच्या कानांवर आलं नव्हतं. ते सावकाश बसले. मग हनुवटी जराशी पुढे काढून, आवाज शक्य तितका बारीक करून म्हणाले,

"आधी खिडक्या उघड. किती कोंदट करून ठेवलंय घर!"

घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. न्हाणीघराचीसुद्धा.