देवघरातला विषारी शंख

सावळीरामांनी देवाला गुलाब वाहिले, खालचं पाणी पुसायला नवा शंख उचलला आणि "आई गं" म्हणून हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

शंख आपला म्हणायचा. पंधरवड्यापूर्वी मखमलाबादची मंडळी हर्णैला गेली, तेव्हा ओहोटीच्या वाळूत तो सावळीरामांना सापडला. त्यावरची तपकिरी जाळीची नक्षी त्यांना आवडली. समुद्रातून आला तो शंखच, असं म्हणून त्याची देवघरात स्थापना झाली. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या आरोहीने आता मोबाईलवर त्याची चौकशी केली.

"आजोबा, ही कोन स्नेल आहे. विषारी गोगलगाय! दाताचा भाला मारते, मासा जागीच लुळा पडतो, मग गिळते."

"आन् माणूस?"

"माणसाला गिळत नाही."

"मरतो का, ते इचारलं!"

"कधीकधी. विषावर औषध नाही, असं लिहिलंय."

सावळीरामांची जीभ लगेच जड झाली. पाय गेले. आरोही परसात ओरडली, "आजी, आजोबांना विषारी काहीतरी चावलं!"

चतुराबाईंनी काय चावलं ते विचारलंच नाही. त्या धावल्या त्या थेट शेजारच्या सखुबाईंच्या दारात. सखुबाईंशी त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं, पण वस्तीवर गाडी म्हणून त्यांची पिकअपच होती. सखुबाईंच्या अमितने टोमॅटोचे क्रेट उतरवून सावळीरामांना मागे आडवं केलं. दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसल्या.

गंगापूर रोडला लागेपर्यंत सावळीरामांनी मनाची तयारी केली. मनावर सात वर्षांचं ओझं घेऊन मरणं त्यांना बरं वाटेना.

"चतुरा, तुझा मोगरा सखुबाईच्या शेळीनं नव्हता खाल्ला."

"मंग?"

"म्या चुकून तणनाशक मारलं व्हतं. तू लय रडली, म्हून शेळीचं नाव घेतलं."



"त्यापायी म्या शेळी इकली, भाऊ," सखुबाई म्हणाल्या. "गाभण व्हती."

चतुराबाईंनी पदर खोचला. "चावलं काय तुम्हाला?"

"त्यो शंख. आत विषारी गोगलगाय हाय."

"कुठली गोगलगाय? आणला त्याच दिशी वास मारत व्हता. उकळून, आतलं सगळं काढून मंग देवात ठिवला मी. बोट दावा."

त्यांनी मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली आणि बोटातून गुलाबाचा काटा उपसला. चाळीस वर्षं गुलाबाची शेती केलेला माणूस त्या काट्याकडे बघत राहिला. पाय परत आले होते, पण उतरून पळायला गाडी थांबत नव्हती.

अमितने पुढून विचारलं, "काकू, दवाखान्यात घेऊ का माघारी?"

चतुराबाईंनी सात वर्षांत पहिल्यांदा सखुबाईंकडे बघून विचारलं, "काय करायचं, बाई?"

"गाडी निघालीच हाय," सखुबाई म्हणाल्या, "तर नर्सरीत घेऊ. मोगऱ्याची रोपं आणू."

"आन् येताना एक शेळी बघू. गाभण," चतुराबाई म्हणाल्या. "खड्डे खांदायला आन् चारा कापायला माणूस हाय अजून जिता."