काशाची वाटी आणि बळीचा बकरा

वाक्प्रचार शिकवावा तर मीच! शाळेत मी एकदा अर्थ सांगितला की पोरं जन्मात विसरत नाहीत. २००६ सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी ही विद्या मी कामठा गावी, सासरच्या अंगणातही पाजळली.

"मामाजी, बळीचा बकरा म्हणजे काय माहीत आहे?" मी सासऱ्यांना विचारलं. "फार पूर्वी दूरदेशी दोन बकरे आणायचे. एकाचा बळी! दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पुजारी साऱ्यांच्या चुका बोलून दाखवायचा आणि त्याला रानात सोडायचा. चुका गेल्या! दुसऱ्यांचं खापर ज्याच्या माथी, तो बळीचा बकरा!"

"बकऱ्यानं काऊन आयकून घेतलं?"

"त्याला बोलता कुठे येत होतं!"

सासूबाई, निर्मलाबाई, पाठमोऱ्या बसून लाखोळीची भाजी खुडत होत्या. आठ दिवस आमचा अबोला. त्यांच्या आईची काशाची वाटी मी हरवली, असं गावभर झालं होतं. मी हरवली नव्हती!

जेवण झाल्यावर मी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगाला टेकले, काळं घोंगडं डोक्यावरून ओढलं. ऊन घोंगड्यातून मधासारखं झिरपत होतं. हळूहळू मी तरंगायलाच लागले. धानाच्या बांधीत सारस ओळीनं उभे होते आणि मी त्यांना वाक्प्रचार शिकवत होते. एकानं तर हातही वर केला!

तेवढ्यात माझ्या डोक्यावर कुणाचा तरी हात आला.

"बकऱ्या, आयक," सासूबाईंचा आवाज! "मायची वाटी माह्याच हातून विहिरीत पडली. नाव रेणूचं घेतलं. पोरगी रडली, तरी मी बोलली नाई."

सारस भुर्रकन उडाले! सासूबाईंना मोतीबिंदू, आणि आमचा काळा बकरा रोज इथेच बसायचा. आता उठले तर बाई लाजेनं मरतील!

"मेंऽऽ!" मी म्हणाले.

"तिच्या भाजीत जास्तीचं मीठबी मीच टाकलं."

"मेंऽऽ?" हे जरा रागातच निघालं.

मामाजी आले. "कोणाशी बोलून राहिली व?"

"बकऱ्याशी. तुमालेबी काही सांगाचं हाये?"

मामाजींनी थोडा विचार केला. डोक्यावर दुसरा हात आला! "सूनबाईची सायकल म्याच नाल्यात घातली. चेन तिनं तोडली म्हणून सांगतलं."

मेंमें करून माझा घसा बसला. शेवटी सासूबाईंनी पुढ्यात उंबराची डहाळी ठेवली. नाटक पूर्ण व्हावं म्हणून मी एक पान ओढलं आणि चावलंसुद्धा! मग घोंगड्यासकट रांगत गोठ्यामागे गेले.

संध्याकाळी सासूबाईंनी पहिलं ताट मला वाढलं.

"आज एवढं प्रेम, मा?"

"बकरा तं दुपारपासून शेजारच्या टेकचंदच्या वावरात होता, बाई. तुहे पैंजण वाजले, तवाच मी आली. मोतीबिंदू डोऱ्यात हाये, कानात नाई." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तोंडावर बोलवत नव्हतं गं."

माझे डोळे भरून आले. मामाजींना मात्र ठसका लागला.

"पण रेणू," सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, "तू पाला काऊन खाल्ला?"