एवेलियोच्या अस्सल गाडीचा काटा

"ह्या गाडीचा पत्रा अन् पत्रा अस्सल आहे!" हे वाक्य एवेलियो रोज तीन वेळा म्हणायचा, जेवणाआधी औषध घ्यावं तसं. गाडी त्रेपन्न सालची, अमेरिकन, आकाशी रंगाची, बापाने ठेवलेली. क्यूबातल्या सिएनफ्वेगोस गावातल्या बाकी सगळ्या जुन्या गाड्या भेसळीच्या, हे त्याचं ठाम मत! इंजिन तेवढं मेव्हण्याच्या भंगारात गेलेल्या रशियन गाडीतलं होतं. पण तो विषय घरात काढायचा नाही, असा नियम होता.

आज लेक यानेली पंधरा वर्षांची झाली होती, आणि तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा वाजतगाजत मिरवतात. पाच वाजता समुद्राकाठी फोटो. 'नातीला ह्याच गाडीतून मिरव,' असं बाप मरताना सांगून गेला होता. आणि मेव्हणा नोर्बेर्तो सकाळपासून आपली दुसरी रशियन गाडी पुसत दारात उभा!

"लागली तर आहे हो, भावोजी."

"नाही लागणार! इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते आता मला बसल्या जागी कळतं!"

कारण मायामीच्या चुलतभावाने दुधाच्या भुकटीच्या डब्यातून तापमानाचा मीटर पाठवला होता. एवेलियोने तो सकाळीच बसवला आणि अर्थिंगची काळी वायर डॅशबोर्डाखाली गाडीच्या अंगातच स्क्रू पिळून पक्की केली. स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. त्याला आपल्या मनगटाचा अभिमान वाटला.

वरात निघाली. मागच्या सीटवर यानेली आणि तिचा निळा झगा, म्हणजे बहुतेक झगाच. एवेलियोने जोरात हॉर्न दिला. काटा टुणकन लालवर!

"पाणी!" तो ओरडला आणि गाडी थांबवली.

बायको मिर्ताने उतरून रेडिएटरला हात लावला. "अरे, कोमट आहे!"

"हात खोटं बोलेल, मीटर नाही!"

पाणी ओतलं. पुढे निघाले, हॉर्न दिला, काटा पुन्हा लालवर. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा पार्टीच्या बिअरचा बर्फ रेडिएटरवर गेला. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही असा प्रत्येक शेजारी बॉनेटमध्ये डोकं घालून निदान सांगू लागला.

एवेलियोने शेवटी शोध लावला. "हॉर्नने इंजिन तापतंय! आजपासून हॉर्न बंद!"

"पंधराव्याची मिरवणूक, आणि बिनहॉर्नची?" मिर्ता कडाडली. "मयताला चाललोय का आपण?"

"बाबा, पावणेपाच झाले," यानेली रडवेली झाली. "मी मामाच्या गाडीत बसू का?"

ते मात्र एवेलियोच्या काळजात घुसलं. "ह्याच गाडीतून जायचं! ढकलत नेईन!"

मागून येणारा नोर्बेर्तो तोवर डॅशबोर्डाखाली शिरला होता. त्याने काळी वायर ओढली. स्क्रूसकट हातात आली, पाठोपाठ पांढरी भुकटी.

"भावोजी, ही तर पुट्टी आहे. अर्थिंगला लोखंड लागतं! ते नसलं की हॉर्नने वीज ओढली रे ओढली, काटा उडणारच!"

"मग दुसरीकडे लाव! गाडीभर लोखंडच आहे!"

नोर्बेर्तोने खिशातून लोहचुंबक काढलं. दाराला लावलं, खाली पडलं. मडगार्डला लावलं, खाली पडलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा कधीच खाल्ला होता. उरली होती ती बापाने वर्षानुवर्षं भरलेली पुट्टी! सगळी गल्ली माना उंच करून बघत होती. शेवटी त्याने वायर लांबवून थेट इंजिनाला जोडली. काटा ऐंशीवर येऊन शहाण्यासारखा बसला.

"म्हणजे भावोजी, ह्या गाडीत खरं लोखंड काय ते माझ्या इंजिनात!"

गल्ली खदखदून हसली. एवेलियोचे कान लाल झाले. भुकटीने भरलेले हात त्याने कमरेवर ठेवले.

"ही पुट्टी माझ्या बापाने स्वतःच्या हाताने भरलीय! दर रविवारी, चाळीस वर्षं! अख्ख्या गावात आहे का कुणाकडे असली पुट्टी? पुट्टीसुद्धा अस्सल आहे!"

यानेलीने डोळे पुसले. "बाबा, चला. मला आजोबांच्याच गाडीतून जायचंय."

एवेलियोने छाती फुगवून असा लांबलचक हॉर्न दिला की कबुतरं उडाली. काटा हलला नाही. मागच्या मडगार्डचा परातीएवढा तुकडा मात्र निखळून रस्त्यावर पडला.

पाचला फोटो निघाले. यानेली राणीसारखी दिसतेय. आणि प्रत्येक फोटोत एवेलियो मागच्या चाकापाशी, पाठ मडगार्डला चिकटवून, ताठ मानेने उभा आहे.